गूढलेखन आणि निर्यातीचे कायदे



आपल्या कामरेजच्या चौकात घटकाभर उभे राहिले, तर मुंबईकडे आणि अहमदाबादकडे धावणाऱ्या मालमोटारींची रांग कधी संपतच नाही असे वाटते. आपले गाव व्यापाराच्या वाटेवर वसलेले आहे, आणि ते काही आजचे नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ नावाच्या ग्रीक प्रवासग्रंथात भरुचच्या आखाताजवळील ‘काम्मोनी’ नावाच्या गावाचा उल्लेख येतो. ते गाव म्हणजे आपले कामरेजच असावे, असे काही विद्वान मानतात. पुढे मोगल अमदानीत सुरत बंदर नावारूपास आले. १६६६ साली सुरतेस उतरलेल्या तेव्हनो नावाच्या फ्रेंच प्रवाशाने तेथील जकातघरात प्रवाशांची किती बारकाईने झडती घेतली जाई, ह्याचे वर्णन करून ठेवले आहे. सोने, मोती, हिरे ह्या वस्तू लहान खऱ्या, परंतु त्या हाताला लागतात. म्हणून झडतीचा उपयोग होतो.

आता असा एक माल कल्पनेत आणा की, ज्याला वजन नाही, जो कागदावर लिहिता येतो, पाठ करता येतो आणि तारेवरून क्षणार्धात परदेशी धाडता येतो. अशा मालाच्या निर्यातीवर बंदी घातली, तर जकातीच्या अंमलदाराने करावे तरी काय? ही नुसती कल्पना नव्हे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात अमेरिकेच्या सरकारपुढे हा प्रश्न खरोखरच उभा राहिला. तो माल म्हणजे गूढलेखनाच्या संगणकीय आज्ञावल्या. ह्या प्रकरणाची झळ मुंबईच्या बँकांपर्यंत पोहोचली होती, म्हणून आपणही त्याचा थोडा अभ्यास करावा असे आम्हांस वाटते.

गूढलेखन म्हणजे काय, हे प्रथम पाहू. आपल्या वर्णमालेत ‘क’पासून ‘ळ’पर्यंत चौतीस व्यंजने आहेत. प्रत्येक व्यंजनाच्या जागी त्याच्या पुढचे व्यंजन लिहावयाचे आणि स्वरचिन्हे तशीच ठेवावयाची, असा नियम केला, तर ‘कामरेज’ ह्या शब्दाचे ‘खायलेझ’ होते. येथे दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत. ‘व्यंजन पुढे सरकवावे’ ही झाली रीत. ‘किती घरे सरकवावे’ ही झाली किल्ली. वरील उदाहरणात किल्ली एक आहे. ती दोन असू शकेल, दहा असू शकेल. परंतु तेहतीसपेक्षा अधिक निराळ्या किल्ल्या ह्या रीतीत संभवत नाहीत. रीत ज्याला कळली, तो तेहतीस वेळा प्रयत्न करून कोणताही मजकूर उकलील. हौस असेल त्यांनी ‘पायी गाजसाहा शिङपे’ हे वाक्य उकलून पाहावे. ‘ळ’नंतर पुन्हा ‘क’ येतो, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

मराठी भाषेस ही विद्या नवी नाही. करपल्लवी आणि नेत्रपल्लवी हे शब्द आपल्या कोशात आहेतच. परंतु सर्वांत मोठे उदाहरण महानुभाव पंथाचे. चक्रधरस्वामींच्या ह्या पंथाने आपले ग्रंथ परक्यांच्या हाती पडू नयेत म्हणून सकळ, सुंदरी आदी सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. अक्षरे दिसावयास ओळखीची, पण एका अक्षराच्या जागी दुसरेच अक्षर. म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ हा मराठीतील आद्य गद्यग्रंथांपैकी एक. पण ही सारी ग्रंथसंपदा पंथाबाहेरच्या मराठी वाचकास कित्येक शतके अज्ञात राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ह्यांनी ह्या लिपीचे कोडे सोडविले आणि एका लिपीची रीत कळताच त्या लिपीतील सर्व पोथ्या एकदम वाचता येऊ लागल्या. वाङ्मयाच्या दृष्टीने हा भाग्याचा दिवस. परंतु गूढलेखनाच्या दृष्टीने पाहिले, तर ह्या लिपीचा कमकुवतपणाही त्यातच होता. सारे रहस्य रीतीत साठविले होते. प्रत्येक पोथीला स्वतःची निराळी किल्ली नव्हती.

१८८३ साली ओग्यूस्त केर्कहोफ्स नावाच्या एका गृहस्थाने फ्रेंच लष्करी नियतकालिकात ह्याच उणिवेवर बोट ठेवले. गंमत अशी की, हा मनुष्य गणिती नव्हता आणि सेनापतीही नव्हता. तो भाषेचा अध्यापक होता. त्याचे म्हणणे असे की, गूढलेखनाची रीत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त राखावयाची ती फक्त किल्ली. कुलपाचेच पाहा ना. कुलूप कसे बनते, हे गावातल्या प्रत्येक लोहाराला ठाऊक असते, म्हणून काही आपल्या घरी चोरी होत नाही. उलट ज्या कुलपाची रचना दहा जाणत्यांनी उघडून पाहिली आणि दोष सापडले नाहीत, तेच खरे विश्वासाचे. आजचे सारे चांगले गूढलेखन ह्या तत्त्वावर उभे आहे, आणि ज्यांची मूळ संहिता सर्वांना वाचावयास खुली असते, त्या मुक्तस्रोत आज्ञावल्यांचे महत्त्वही येथेच आहे. लिहिणारे पुष्कळदा विनामोबदला लिहितात आणि जगातील कोणीही ती संहिता तपासू शकतो.

किल्ली किती मोठी असावी, ह्याचा हिशेब सोपा आहे. संगणकाची किल्ली शून्य आणि एक ह्या अंकांची माळ असते. प्रत्येक अंकाला बिट म्हणतात. एक बिट वाढला की शक्य किल्ल्यांची संख्या दुप्पट होते. चाळीस बिटांच्या किल्ल्या सुमारे १ लाख १० हजार कोटी होतात. संख्या ऐकून छाती दडपते, पण सेकंदास शंभर कोटी किल्ल्या तपासणारे यंत्र त्या सर्व सुमारे अठरा मिनिटांत तपासून संपवील. हेच यंत्र १२८ बिटांच्या किल्ल्या तपासावयास बसले, तर त्यास लागणाऱ्या वर्षांची संख्या एकावर बावीस शून्ये एवढी होईल. चाळीस आणि एकशे अठ्ठावीस ह्या दोन आकड्यांतील अंतर वाचकांनी मनात ठेवावे, कारण पुढची सगळी कथा ह्या दोन आकड्यांभोवती फिरते.

अमेरिकेच्या कायद्यात १९९६ अखेरपर्यंत गूढलेखनाची साधने युद्धसामग्रीच्या यादीत होती. तोफा आणि दारूगोळा ह्यांच्या पंगतीत ती बसविलेली होती, आणि परवान्याशिवाय ती परदेशी पाठविणे हा गंभीर गुन्हा होता. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे सांकेतिक संदेश उकलल्यामुळे लढायांचे निकाल फिरले होते, हे पाहता सरकारच्या ह्या धास्तीला आधार नव्हता असे म्हणता येणार नाही. परंतु दरम्यान काळ बदलला होता. गूढलेखन सेनापतीच्या तंबूतून निघून दुकानदाराच्या आणि पत्रलेखकाच्या मेजावर आले होते.

१९९१ साली फिल झिमरमन ह्यांनी सामान्य माणसाला आपली विद्युत्पत्रे सुरक्षित ठेवता यावीत म्हणून ‘पीजीपी’ नावाची आज्ञावली लिहून मोफत दिली. ती इंटरनेटवरून देशाबाहेर गेली. १९९३ मध्ये युद्धसामग्रीची बेकायदा निर्यात झाल्याच्या संशयावरून त्यांची चौकशी सुरू झाली. ती तीन वर्षे चालली आणि जानेवारी १९९६ मध्ये कोणताही आरोप न ठेवता सोडून देण्यात आली. मधल्या काळात, १९९५ साली, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रकाशन संस्थेने ह्या आज्ञावलीची संपूर्ण संहिता पुस्तकरूपाने छापली. पुस्तकाच्या निर्यातीवर बंदी नव्हती, कारण छापील शब्दाला अमेरिकेच्या राज्यघटनेचे संरक्षण आहे. पुढच्या आवृत्त्यांच्या बाबतीत हाच मार्ग अवलंबिण्यात आला. हजारो पृष्ठांची पुस्तके कायदेशीरपणे युरोपात नेली गेली आणि तेथे स्वयंसेवकांनी ती यंत्राने वाचून संहिता पुन्हा संगणकात भरली.

ह्याहून विचित्र प्रकार फिल कार्न ह्या अभियंत्याच्या बाबतीत घडला. ब्रूस श्नायर ह्यांच्या गूढलेखनावरील पाठ्यपुस्तकात अनेक आज्ञावल्या परिशिष्टात छापलेल्या होत्या. १९९४ साली कार्न ह्यांनी विचारणा केली तेव्हा पुस्तक परदेशी पाठविण्यास हरकत नाही, असे उत्तर मिळाले. मग त्यांनी त्याच परिशिष्टातील मजकूर असलेल्या चकतीबद्दल विचारले. चकती युद्धसामग्री ठरली! अक्षर न् अक्षर सारखे. कागदावर असेल तर ज्ञान आणि चकतीवर असेल तर शस्त्र.

येथे आमच्या मातृभाषेची आठवण होते. आम्ही कोकणी भाषक. आमची भाषा कोणी देवनागरीत लिहितो, कोणी रोमी लिपीत, कोणी कन्नड, तर कोणी मल्याळम लिपीत. एकच म्हण चार ठिकाणी चार रूपांत छापलेली आढळते, पण ती निराळी म्हण आहे असे कोणी म्हणत नाही. मजकूर कशावर आणि कोणत्या चिन्हांनी लिहिला, ह्यावरून त्याचे स्वरूप ठरविणे आम्हांस तरी पटत नाही, आणि पुढे न्यायालयासही पटले नाही. डॅनियल बर्नस्टाईन नावाच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील तरुण विद्यार्थ्याने स्वतः एक गूढलेखनाची रीत रचली होती. ती प्रसिद्ध करावयाची तर परवाना हवा, असे त्याला सांगण्यात आले. १९९५ साली त्याने सरकारविरुद्ध दावा लावला. १९९६ साली न्यायाधीश मेरिलिन हॉल पटेल ह्यांनी निर्णय दिला की, संगणकाची भाषा आणि जर्मन किंवा फ्रेंच भाषा ह्यांत ह्या दृष्टीने अर्थपूर्ण फरक नाही, आणि म्हणून मूळ संहिता हे भाषणच होय. वरिष्ठ न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने मे १९९९ मध्ये तोच कौल दिला. तो पुढे फेरसुनावणीसाठी मागे घेण्यात आला, आणि नियमच बदलल्यामुळे वादाचे स्वरूप पालटले.

शिक्षक ह्या नात्याने आम्हांस पीटर जंगर ह्यांचे प्रकरण अधिक बोचते. हे ओहायोतील कायद्याचे प्राध्यापक. संगणक आणि कायदा हा विषय शिकविताना गूढलेखनाची एखादी छोटी आज्ञावली वर्गात दाखवावी लागे. आणि वर्गात परदेशी विद्यार्थी बसला असेल तर ते दाखविणे ही ‘निर्यात’ ठरण्याची भीती होती. वर्गाचे दार म्हणजे जणू देशाची सीमाच. १९९६ साली त्यांनीही दावा लावला आणि एप्रिल २००० मध्ये वरिष्ठ न्यायालयाने, संहितेस भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण आहे, हे मान्य केले.

एवढा खटाटोप करून बंदीचा हेतू साधला काय? उत्तर स्पष्टच आहे. ऑस्ट्रेलियात एरिक यंग आणि टिम हडसन ह्यांनी १९९५ च्या सुमारास सुरक्षित संपर्काची एक आज्ञावली लिहिली. तिच्यातूनच पुढे ‘ओपनएसएसएल’ निर्माण झाली आणि जगातील असंख्य संकेतस्थळांच्या दारांवर तिचेच कुलूप लागले. ‘ओपनबीएसडी’ ह्या मुक्तस्रोत प्रकल्पाने कॅनडात ठाण मांडले आणि गूढलेखनाचा भाग अमेरिकेबाहेर लिहवून घेतला. ‘डेबियन’च्या स्वयंसेवकांनी गूढलेखनाचे सारे भांडार अमेरिकेबाहेरच्या यंत्रावर वेगळे ठेवले होते. आणि कळस असा की, अमेरिकेच्या शासनाने स्वतःच्या उपयोगासाठी गूढलेखनाची नवी रीत निवडण्याकरिता जी खुली स्पर्धा लावली, तिच्यात पंधरा रीती उतरल्या आणि ऑक्टोबर २००० मध्ये योआन डेमन आणि व्हिन्सेंट रायमन ह्या दोन बेल्जियन विद्वानांची रीत विजयी ठरली. जी विद्या देशाबाहेर जाऊ नये म्हणून पहारे बसविले, ती शेवटी बाहेरूनच आणावी लागली.

आता आपल्या देशाकडे वळू. निर्यातबंदीचा अनुभव भारताला नवा नव्हता. १९८० नंतरच्या काळात आपण मागितलेला अधिक शक्तिमान क्रे महासंगणक अमेरिकेने नाकारला आणि हवामानाच्या अंदाजासाठी कमी शक्तीचा, तोही अटींसह, दिला. ह्यातून १९८८ साली पुण्यास ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाली. अकोला जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. विजय भटकर ह्यांच्या नेतृत्वाखाली तेथील मंडळींनी तीन वर्षांत, १९९१ साली, ‘परम ८०००’ उभा केला. अनेक लहान प्रक्रियक एकत्र जोडून एक मोठे काम वाटून घेण्याची त्याची पद्धत होती. मात्र ते लहान प्रक्रियक ब्रिटनमध्ये तयार झालेले होते, हेही सांगितले पाहिजे. संपूर्ण स्वावलंबनाची कथा म्हणून ही गोष्ट सांगितली जाते, ती तेवढी सरळ नाही.

यंत्र नाकारले की निदान नाकारलेले दिसते. गूढलेखनाच्या बाबतीत वंचना अधिक सूक्ष्म होती. अमेरिकन कंपन्या आपल्या इंटरनेट न्याहाळकाच्या दोन आवृत्त्या काढीत : देशात १२८ बिटांची, आणि परदेशासाठी चाळीस बिटांची. पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसत. ऑगस्ट १९९५ मध्ये दामियें दोलिझे ह्या फ्रेंच विद्यार्थ्याने असा चाळीस बिटांचा एक संदेश सुमारे आठ दिवसांत उकलून दाखविला. जानेवारी १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातील इयन गोल्डबर्ग ह्या विद्यार्थ्याने अडीचशे संगणक जोडून चाळीस बिटांचे दुसरे एक कुलूप साडेतीन तासांत उघडले.

ह्या पार्श्वभूमीवर आपल्या सरकारने काय केले? १९९८ साली इंटरनेट सेवा खासगी कंपन्यांना खुली झाली, तेव्हा परवान्याच्या अटींत असे लिहिले गेले की, परवानगीवाचून चाळीस बिटांपर्यंतचेच गूढलेखन वापरता येईल. त्याहून मोठे वापरावयाचे तर परवानगी घ्यावी आणि किल्ली दूरसंचार खात्याकडे जमा करावी. इतरांनी आपल्यावर लादलेली मर्यादा आपणच आपल्या नियमांत लिहून घेतली! त्यानंतर जून २००१ मध्ये मुंबईच्या रिझर्व्ह बँकेने इंटरनेटवरील बँकव्यवहारासंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्यांत निदान १२८ बिटांचे संरक्षण असलेच पाहिजे, असा आग्रह धरला. एका कार्यालयाच्या मते चाळीसच्या वर जाणे आक्षेपार्ह, दुसऱ्याच्या मते एकशे अठ्ठावीसच्या खाली येणे धोक्याचे. ठेवीदाराच्या पैशांची जबाबदारी ज्या संस्थेवर होती तिचा आकडा शास्त्रशुद्ध होता, असे आम्हांस वाटते. आज तुमचे वडील भ्रमणध्वनीवरून वीजबिल भरतात किंवा वराछ्याच्या हिरे कारखान्यातील कारागिराचा पगार बँकेत जमा होतो, तेव्हा मधल्या वाटेवर पैशाचे रक्षण हे मोठ्या किल्लीचे गूढलेखनच करीत असते.

सरकारची अडचण खोटी आहे असे मात्र समजू नये. जे कुलूप सज्जनाचे पत्र राखते, तेच गुन्हेगाराचेही राखते. २०१० साली ब्लॅकबेरी दूरध्वनीचे संदेश तपासता यावेत म्हणून भारत सरकारने त्या कंपनीस निर्वाणीची मुदत दिली होती, ती ह्याच काळजीतून. पण काळजी खरी असली म्हणजे उपायही योग्य असतो, असे नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय गूढलेखन धोरणाच्या मसुद्यात, नागरिकांनी पाठविलेल्या गूढ संदेशांची साधी प्रत नव्वद दिवस जपून ठेवावी, अशी सूचना होती. म्हणजे घराला कुलूप लावावे आणि आतील चीजवस्तूंचा दुसरा संच अंगणात मांडून ठेवावा! देशभर टीका झाली आणि काही दिवसांतच तो मसुदा मागे घेण्यात आला.

अमेरिकेने जानेवारी २००० मध्ये नियम पुष्कळ सैल केले. सर्वांना खुली असलेली मूळ संहिता परवान्याशिवाय प्रसिद्ध करण्यास मुभा मिळाली. ती कोठे ठेवली आहे, हे विद्युत्पत्राने सरकारला कळविले म्हणजे पुरे. मार्च २०२१ मध्ये, रूढ आणि मान्य रीती वापरणाऱ्या खुल्या संहितेपुरते हे कळविणेही रद्द झाले. कोणी स्वतःची अपरिचित रीत वापरली, तर मात्र पत्र धाडावे लागते.

भारताची बाजूही दरम्यान बदलली. ज्या देशाला इतरांच्या याद्यांचा त्रास झाला होता, तो डिसेंबर २०१७ मध्ये वासेनार करारात बेचाळिसावा सभासद म्हणून दाखल झाला. हा करार शस्त्रे आणि दुहेरी उपयोगाच्या वस्तू ह्यांच्या निर्यातीवर देखरेख ठेवतो. आपल्या परदेश व्यापार महासंचालनालयाची ‘स्कोमेट’ नावाची यादी आहे. तिच्यात त्याच वर्षी ह्या कराराच्या धर्तीवर आठवा वर्ग जोडण्यात आला आणि माहितीच्या सुरक्षिततेची साधने, म्हणजेच गूढलेखन, त्या वर्गात येते. वासेनारच्या सामान्य टिपेत, सार्वजनिक क्षेत्रात खुल्या असलेल्या आज्ञावल्यांना मोकळीक आहे. तेव्हा ह्या शाळेतून पुढे शिकून एखाद्याने गूढलेखनाची आज्ञावली लिहिली आणि मूळ संहितेसह सर्वांसाठी खुली केली, तर तिची गणना एका प्रकारात होईल. तीच बंद ठेवून परदेशी गिऱ्हाइकास विकावयास काढली, तर परवान्याच्या यादीत तिचा क्रमांक कोठे लागतो, हे त्याला माल पाठविण्यापूर्वी पाहावे लागेल.